साताऱ्याहून दोन दिवस: ठोसेघर, वजराई आणि बामणोलीचा काठ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शनिवार-रविवारात नेमकं किती बघून होतं?

एक दिवस सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, तर दुसरा दिवस कास पठार, वजराई धबधबा आणि शिवसागर तलावाकाठची बामणोली. एवढं निवांत होतं. यात महाबळेश्वर, वासोटा किल्ला किंवा कोयनानगर घुसवलं की सगळा वेळ गाडीतच जातो. नकाशावर ठोसेघर आणि कास जवळ दिसतात, म्हणून पुष्कळ जण दोन्ही एकाच दिवशी धरतात. पण मधे उरमोडीची दरी आहे. दोन्ही रस्ते साताऱ्यातूनच फुटतात आणि एकावरून दुसऱ्यावर जायला पुन्हा गावातच उतरावं लागतं. म्हणून मुक्काम साताऱ्यात किंवा पश्चिमेला बामणोलीच्या बाजूला ठेवावा. ठोसेघरला राहून दुसऱ्या दिवशी बामणोली करायची म्हणजे उगाच हेलपाटा.

रस्ता कुठून फुटतो?

हायवे सोडून पोवई नाक्यावरून समर्थ मंदिराकडे या. बोगद्याच्या अलीकडे उजव्या हाताला यवतेश्वरचा घाट चढतो. तो कास-बामणोलीचा रस्ता. बोगद्यातून आरपार गेलात की सज्जनगड, परळी आणि ठोसेघर. बोगदा अरुंद आहे. समोरून एसटी येताना दिसली तर तिला आधी बाहेर येऊ द्या.

साताऱ्यापासून अंतरं अंदाजे अशी: सज्जनगड १५, ठोसेघर २५, त्याच्या पुढे चाळकेवाडी ५-६, कास पठार २५, बामणोली ३५ ते ४० किलोमीटर. पावसात ठोसेघरला तास आणि बामणोलीला दीड ते दोन तास धरा. मॅप दाखवतो त्या वेळेत धुकं आणि म्हशी धरलेल्या नसतात.

जायचं कधी?

या सहलीतला खरा पेच हाच आहे. धबधबा आणि बामणोलीचा तलाव एकाच वेळी रंगात येत नाहीत.

धबधब्यांना जुलै-ऑगस्ट लागतो. पण त्याच दिवसांत पठारावर धुकं इतकं दाट असतं की ठोसेघरच्या गॅलरीत उभं राहून नुसता आवाज ऐकून परतावं लागतं. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, जूनमध्ये तळाशी असतो आणि साधारण ऑगस्टअखेर भरत येतो. मे-जूनमध्ये बामणोलीला गेलात तर पाणी दूर खाली आणि मधे भेगाळलेला गाळ, असं दिसेल. जुलैत पाणी चढत असतं, पण ते गढूळ असतं आणि वाऱ्यामुळे बोटी बंद असण्याची शक्यता जास्त.

दोन्ही एकत्र साधायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा घ्या. धबधबे थोडे बारीक झालेले असतात, पण स्वच्छ दिसतात, आणि तलाव काठोकाठ असतो. अडचण एकच, कासच्या फुलांचा हंगामही तेव्हाच असतो. त्यामुळे शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. सोमवारची रजा मिळत असेल तर रविवार-सोमवार जा आणि पश्चिमेची बाजू सोमवारी ठेवा.

निव्वळ पाण्याचा जोर बघायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. मात्र पाऊस आदल्या रात्री पडलेला हवा, धबधब्यासमोर उभं असताना नको.

तलाव भरलाय की नाही, हे घरबसल्या कसं कळणार?

पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतात त्याच बातमीत कोयनेचा साठा दिलेला असतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). आकडा नव्वदीच्या पुढे गेला असेल तर काठावर गाळ न दिसता हिरवळीला टेकलेलं पाणी दिसेल. पन्नाशीच्या आत असेल तर बोटीपर्यंत चिखलातून चालायची तयारी ठेवा.

साताऱ्यात ऊन आहे, मग छत्री-रेनकोट कशाला?

कारण सातारा शहर पर्जन्यछायेकडे सरकलेलं आहे आणि बामणोली सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटलेली. पश्चिमेकडून आलेले ढग तिथेच रिकामे होतात. पोवई नाक्यावर कोरडा रस्ता आणि यवतेश्वरच्या वर वायपर जोरात, हे इथलं रोजचंच. हवामान बघताना ‘सातारा’ टाकून बघू नका. बामणोली किंवा महाबळेश्वर टाकून बघा.

ठोसेघरला काय बघायचं आणि किती वेळ ठेवायचा?

दोन धबधबे आहेत, मोठा आणि छोटा. पार्किंगपासून पायऱ्यांच्या वाटेने दहा-पंधरा मिनिटांत समोरच्या गॅलरीत पोचता येतं. धबधबा दरीच्या पलीकडच्या कड्यावरून पडतो, त्यामुळे तो लांबून बघायचा आहे, भिजायचा नाही. ‘पाण्यात उतरता येत नाही म्हणजे मजा नाही’ अशी कुणाची समजूत असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. कठड्याबाहेर जाणारे बहुतेक त्याच निराशेपोटी जातात.

एक ते दीड तास पुरतो. धुकं असेल तर लगेच माघारी फिरू नका. वारा असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत पडदा एकदा तरी सरकतो, तेवढ्यात बघून घ्यायचं. प्रवेशाला किरकोळ शुल्क आहे, सुटे पैसे जवळ ठेवा.

वाटेत बोरणे घाट लागतो. इथे कड्याच्या बाजूला गाडी लावून फोटो काढू नका. गवताखाली जमीन कुठे संपते ते पावसात दिसत नाही.

धबधबे पायरीपायरीने का पडतात?

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. कठीण काळ्या पाषाणाचा थर टिकतो आणि त्याखालचा मऊ, सच्छिद्र थर झिजतो, म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने खाली येतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की धबधब्यामागची कपार आतून पोखरलेली असते आणि वरचा दगड केव्हाही सुटू शकतो. कपारीत उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा.

सज्जनगड आधी की नंतर?

आधी. सकाळी सातच्या सुमाराला गडावर गर्दी नसते, आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं ते ऊन चढायच्या आतच चांगलं दिसतं. गाडी बरीच वर जाते, शेवटच्या पायऱ्या तेवढ्या चढायच्या. समर्थांची समाधी आणि राममंदिर बघून साडेआठ-नऊला खाली उतरलात तर ठोसेघरला गर्दीच्या आधी पोचता. दुपारचा प्रसाद घ्यायचा असेल तर क्रम उलटा करा. तेव्हा ठोसेघर पहाटे उरकून येताना गडावर थांबा. रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, हे ध्यानात असू द्या.

चाळकेवाडीला पवनचक्क्यांशिवाय काय आहे?

वारा. ठोसेघरपासून वर चढलं की उघडं पठार आहे आणि त्यावर पवनचक्क्यांच्या रांगा. अर्धा तास पुरे. वारा जोरात असेल तर गाडीचं दार हाताने धरून उघडा. नुसतं सोडलं की झटक्याने उघडून बिजागरीच वाकते. छत्री गाडीतच राहू द्या.

केळवली आणि एकीवचे धबधबे रील्समध्ये छान दिसतात. तिथे पोहता येतं का?

नाही. दोन्ही ठिकाणी माणसं दगावलेली आहेत. धबधब्याच्या डोहात पाणी फेसाळ असतं, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, आणि वरून पडणारी धार माणसाला तळाकडे दाबते. विहिरीत पट्टीचा पोहणाराही तिथे अडकतो. दगडावरचं शेवाळ वेगळंच. सरावाच्या गावकऱ्यांबरोबर लांबून बघायला जाणं ठीक आहे. एकट्याने आणि उशिरा जाऊ नका.

ओढ्याजवळ असताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा: पाणी एकाएकी गढूळ होणं, काटक्या-पालापाचोळा वाहत येणं आणि आवाज जड होणं. यातलं एकही दिसलं तर चप्पल-बॅग शोधत न बसता आधी काठावर, आणि काठावरून वर. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरमाथ्यावर पाऊस झालेला असतो.

वजराईला जाणं किती अवघड आहे?

भांबवली गाव कास तलावाच्या पुढे पाचेक किलोमीटरवर आहे. वजराई तीन टप्प्यांत कोसळतो, उंची ५६० मीटर सांगतात, आणि उरमोडी नदी इथूनच सुरू होते. गाडी लावून पुढे पायवाट आहे. वाट अवघड नाही, निसरडी आहे, आणि लोकांची फसगत इथेच होते. जाताना उतार असतो म्हणून झरझर जातात आणि येताना तोच चिखलाचा चढ दमवतो. येण्याजाण्याला आणि बघण्याला मिळून दोन ते अडीच तास धरा.

पायात खोल खाचांचे बूट हवेत. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज चिखलात चपलेइतकेच निरुपयोगी. दर वळणावर खाली उतरत पायथ्यापर्यंत जायचा अट्टहास नको. तीनही टप्पे एकत्र दिसतात ते समोरच्या बाजूनेच, जवळ गेल्यावर फक्त खालचा दिसतो.

कासचं काय? फुलं असतील तर थांबायचं का?

थांबायचंच. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हंगामात प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग वेळेच्या टप्प्यांप्रमाणे असतं. सकाळचा पहिला टप्पा घ्या. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद हे ढोबळमानाने सप्टेंबरभर असतात, पण कुठल्या आठवड्यात कुठला रंग वर येईल ते त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. ऊन आणि पाऊस आलटून पालटून आला तरच फुलोरा येतो. सलग आठवडाभर पाऊस झाला असेल तर बुकिंग आठवडाभर पुढे ढकला. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे जुने फोटो बघून तसाच निळा सडा शोधत जाऊ नका.

फुलांत बसून फोटो नको. पठारावर कातळावर जेमतेम बोट-दोन बोटं माती असते. ती एकदा तुडवली गेली की पुढच्या वर्षी तिथे काहीच उगवत नाही.

कास तलाव पठाराच्या पुढे दोन-तीन किलोमीटरवर आहे. साताऱ्याच्या काही भागाला पिण्याचं पाणी इथूनच जातं. त्यात पाय धुणं, गाडी धुणं, बाटल्या टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या पिंपात हात घालणं. गर्दीच्या दिवशी परतीची वाहतूक एकेरी करून दुसऱ्या वाटेने वळवतात, तेव्हा पोलीस सांगतील ती वाट धरा.

बामणोलीला काठावर नेमकं करायचं काय?

बसायचं. समोर पाणी, पलीकडे वासोट्याच्या बाजूचं जंगल. संध्याकाळी साडेपाचनंतर वारा पडला की पाणी आरशासारखं होतं, बोटींचा आवाज थांबतो आणि ही सगळी यातायात कशासाठी केली ते कळतं. बहुतेक लोक दुपारी येऊन बोट करून चारला परत फिरतात. मुक्काम इथे ठेवा असं म्हणतो ते यासाठीच.

पाण्यात उतरायचं नाही. हे धरण १९६० च्या दशकात बांधलं तेव्हा या खोऱ्यातली गावं, शेतं आणि बांध पाण्याखाली गेले. तळ सपाट नाही. दोन पावलांवर गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला बांधाखालचा खड्डा, असा प्रकार असतो. पातळी खाली गेलेली असताना वरून सुकलेला गाळही फसवा. वरची खपली कोरडी दिसते आणि पाय पोटरीपर्यंत जातो.

बोटीचे दर कसे असतात?

दर माणशी नसून बोटीमागे असतो, आणि तो ठिकाणावर ठरतो. त्यामुळे दोघांना महाग आणि सहा-आठ जणांना स्वस्त पडतं. धक्क्यावर दुसरं छोटं कुटुंब असेल तर विचारून एकत्र बोट करा. घासाघीस करण्यात अर्थ नाही, बोट क्लबचे दर ठरलेले असतात. चढण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी विचारून घ्या: कुठे कुठे नेणार, तिथे किती वेळ थांबणार, आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे का. जॅकेट नुसतं अंगावर अडकवू नका, बकलं लावा. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या संगमापर्यंतची फेरी या सहलीला पुरते.

वासोट्याला पूर्ण दिवस लागतो, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात तो बंदच असतो. त्याला वेगळी सुट्टी काढा.

काठावर स्वतःचा तंबू लावता येईल का?

परस्पर नाही. हा सगळा भाग कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. बामणोली-तापोळ्याकडे तंबूची सोय देणारे स्थानिक आहेत, त्यांच्याच जागेत राहा. तिथेही जागा निवडताना पाण्याची रेघ बघा. काटक्या, फेस, प्लॅस्टिक अडकलेली ओळ म्हणजे पाणी कुठवर येऊन गेलंय त्याची खूण. तिच्यापेक्षा बऱ्यापैकी वर आणि ओढ्याच्या तोंडापासून दूर. जुलै-ऑगस्टमध्ये पातळी एका रात्रीत वर सरकते, तेव्हा खोलीच घेतलेली बरी.

निघण्यापूर्वी गाडीचं काय तपासायचं?

टायर आधी. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच चालते, पण घाटातल्या ओल्या रस्त्याला ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर भरवशाचा नाही. हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच भरा. ‘पावसात थोडी कमी ठेवा’ हा सल्ला ऐकू नका, कमी हवेच्या टायरला पाणी कापता येत नाही. स्टेपनीतली हवाही बघा, ती नेहमी विसरली जाते. वायपरचं रबर रेघा ओढत असेल तर बदला. मागचे लाल दिवे चालू आहेत का ते कुणाला तरी मागे उभं करून पाहा.

पेट्रोल-डिझेल साताऱ्यातच भरून घ्या. पुढे पंपाच्या आशेवर जाऊ नका, आणि चढावर गाडी जास्त पिते हेही धरा.

घाट उतरताना ब्रेकचा वास येतो. काय चुकतं?

तुम्ही सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरताय. ब्रेक तापले की पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे दुसऱ्यात, फार तर तिसऱ्यात. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड लावा. वास आलाच तर मोकळ्या जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं गाडी गार होऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. चढावर थांबून पुन्हा उचलणं तिला जड जातं.

धुक्यात काच पांढरी होते. एसी लावायचा की हीटर?

आधी काचेवर बोट फिरवा. आतून पुसलं जात असेल तर वाफ आतली आहे: एसी चालू, हवा समोरच्या काचेवर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. बाहेरून असेल तर एसीने काच जास्त गार झालीय. तापमान वाढवा आणि वायपर मारा.

दिवे खालचे ठेवा. वरच्या दिव्यांचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही वळणार की थांबलात हेच कळत नाही. वळणावर हॉर्न द्या. इथे तो उद्धटपणा समजत नाहीत.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर?

थांबा. फरशी पुलावरून फूटभर पाणी वेगात वाहत असेल तर छोटी कार सरकते. कडेचे दगड किंवा रस्त्याची कड दिसत नसेल तर खोली मोजण्याच्या भानगडीत पडू नका. पाऊस थांबला की ओढे तासा-दोन तासांत उतरतात. एसटी गेली म्हणून आपण जायचं नसतं, तिचं वजन आणि उंची वेगळी.

कडेला लाल चिखलात चाक रुतलं, आता?

अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलात की चाक आणखी खोल जातं. स्टिअरिंग सरळ करा, चाकापुढचा चिखल हाताने काढा आणि खाली बारीक दगड किंवा गाडीतल्या पायपुसण्या घाला. मग ज्या बाजूने आत आलात त्याच बाजूने, हळूहळू बाहेर. चाकाच्या रेषेत मागे कुणी उभं राहू नका, दगड गोळीसारखा उडतो. मुळात मातीच्या कडेवर गाडी न लावणं हा सोपा उपाय.

जळवा असतात का?

झाडीतल्या ओल्या वाटांवर असतात, उघड्या पठारावर क्वचित. पँट मोज्यात खोचा. मोज्याला मीठ चोळलं तर थोडा उपयोग होतो, पण पावसात ते धुऊन जातं. लागलेली जळू ओढू नका, डागूही नका. बारीक टोकाखाली नख सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरू नका. धुऊन दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा आणि पट्टी लावा.

धबधब्यांवर बंदी आहे असं ऐकलं. खरं-खोटं कसं कळणार?

ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तेव्हा जिल्हा प्रशासन काही ठिकाणं बंद करतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी जिल्हाधिकारी कार्यालयाचं आणि पोलिसांचं अधिकृत पान बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फिरता संदेश नको. बंदी असेल तर सज्जनगड आणि अजिंक्यताऱ्यावर दिवस काढा. अडथळे ओलांडून गेलेल्यांवर गुन्हे दाखल होतात.

मोटरसायकलवरून?

येता येतं. दोन भागांचा रेनकोट घ्या. पोंचो वाऱ्याने फुगतो आणि साखळीत अडकतो. चाळकेवाडीला आडवा वारा असतो, तिथे मागे बसणाऱ्याने सरळ बसावं. अंधार पडायच्या आत घाट उतरा.

सडावाघापूरचा उलटा धबधबा आणि नवजाचा ओझर्डे यात बसतील का?

नाही. सडावाघापूर तारळे-पाटण रस्त्यावर आहे आणि ओझर्डे कोयनानगरच्या पुढे. कराड-सांगलीकडून येणाऱ्यांनी ते दोन एकत्र करावेत, वेगळ्या रविवारी. उलटा धबधबा वाऱ्यावर चालतो. कड्याला आपटून वर चढणारा वारा पाणी परत फेकतो, त्यामुळे वारा पडलेला असेल तर साधा ओढा बघून यावं लागतं.

जेवणाचं?

बामणोलीकडे जेवण सांगितल्यावर बनतं. सकाळी जाताना किती जण आणि व्हेज की नॉनव्हेज ते सांगून ठेवा, म्हणजे दुपारी भाकरी गरम मिळेल. पठारावर कणसं आणि भजी मिळतात, पण त्यावर दिवस निघत नाही. रोख पैसे न्या. रेंज गेली की क्यूआर कोडही गेला. मुक्कामाचा पत्ता आणि नकाशा साताऱ्यातच फोनमध्ये उतरवून घ्या. अपघात झाला तर ११२ किंवा १०८, आणि रेंज नसेल तर जवळचं गाव गाठणं हाच मार्ग.

आणि कंदी पेढे?

येताना घ्या, जाताना नको. दोन दिवस बंद, दमट गाडीत राहिले की चव उतरते. घरी पोचल्यावर डबा बदला.